औषधाचे वाहन

कर्करोगावरचे औषध शिरेवाटे सुरू करण्यापूर्वी परिचारिका आणखी दोन-तीन इंजेक्शने देते, हे घरातील कुणासोबत रुग्णालयात बसलेल्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. औषध पॅक्लिटॅक्सेल असेल, तर त्या इंजेक्शनांत स्टेरॉइड आणि ॲलर्जी रोखणारी औषधे असतात. ही सावधगिरी बहुतांशी मूळ औषधासाठी नसून ते ज्यात विरघळवलेले असते त्या द्रवासाठी असते, ही गोष्ट मात्र आपल्याला सहसा कुणी सांगत नाही.

पॅक्लिटॅक्सेल प्रथम मिळाले ते अमेरिकेच्या पश्चिम भागातील यू वृक्षाच्या सालीतून. गुणकारी खरे, पण पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही. आणि रक्त तर मुख्यतः पाणीच. म्हणून एरंडेलावर रासायनिक प्रक्रिया करून तयार केलेला दाट द्रव आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात ते विरघळवावे लागले. या द्रवामुळे काही रुग्णांना धाप लागते, रक्तदाब उतरतो, अंगावर पित्त उठते. एरंडेलाचा आपल्या घरांतला लौकिक सौम्य; शिरेत शिरलेल्या त्याच्या या नातलगाचा स्वभाव तसा नाही.

पॉलिमरच्या, म्हणजे बहुवारिकांच्या, नॅनो कणांकडे संशोधक वळले ते अशा अडचणींतून. पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची मण्यांप्रमाणे ओवलेली लांब माळ. या माळेचे एक टोक पाण्याशी सलगी करणारे आणि दुसरे पाण्यापासून दूर पळणारे असे बनवले, की पाण्यात पडताच अशा अनेक माळा आपोआप एकत्र येऊन सूक्ष्म गोळी तयार होते. साबण तेलकटपणाला पोटात घेतो, त्याचप्रमाणे ही गोळी न विरघळणारे औषध पोटात घेते. तिचा आकार काही दशक ते एक-दोनशे नॅनोमीटर; आपला केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. दक्षिण कोरियात असे पॅक्लिटॅक्सेल वापरात आले, आणि भारतातही दिल्ली विद्यापीठातील संशोधनातून निघालेले तशाच स्वरूपाचे औषध बाजारात आले.

येथे आपल्या मनात शंका येईल. प्लास्टिकही पॉलिमरच, त्याचे सूक्ष्म कण शरीरात सापडल्याच्या बातम्यांनी आपण धास्तावतो, मग तेच शिरेतून का घ्यावे? शंका रास्त आहे. पण पिशवीचे पॉलिथिन शरीराला तोडता येत नाही. औषधासाठी निवडलेली पॉलिमरे वेगळी असतात. त्यांपैकी सर्वांत अभ्यासलेले लॅक्टिक आणि ग्लायकोलिक या दोन आम्लांच्या जोडणीतून बनते. दह्याला आंबटपणा देणारे तेच हे लॅक्टिक आम्ल. पाण्याच्या संपर्कात माळेचे दुवे हळूहळू सुटतात आणि दोन्ही आम्ले शरीराच्या नित्य व्यवहारात मिसळून जातात. आपोआप विरघळणारे टाके याच कुळातील पदार्थांचे असतात, आणि ते अनेक दशके वापरात आहेत. दोन आम्लांचे प्रमाण बदलून कण काही आठवड्यांत विरावा की काही महिन्यांत, हेही ठरवता येते.

मात्र ‘थेट गाठीवर नेम धरणारे कण’ असा मथळा वाचाल, तेव्हा एक आकडा लक्षात असू द्या. टोरोंटो विद्यापीठातील वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासून 2016 मध्ये निष्कर्ष मांडला : शिरेतून दिलेल्या नॅनो कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणारा मध्यक वाटा अवघा 0.7 टक्के. उरलेल्यांपैकी पुष्कळसे यकृत आणि प्लीहा गाळून घेतात. परक्या कणांना अडवणे हे त्यांचे कामच. आज बरेच संशोधन चालले आहे ते या पहारेकऱ्यांना चुकवण्यासाठी : कणांवर पाणी धरून ठेवणारे आवरण चढवणे, आकार बदलणे, गाठीतील पेशींना ओळखणारे रेणू वर बसवणे.

म्हणून या तंत्राचा आजवरचा भरीव लाभ नेमबाजीत नाही, वाहन बदलण्यात आहे, असे मला वाटते. अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाच्या, म्हणजे एका नैसर्गिक पॉलिमरच्याच, कणांत बांधलेल्या पॅक्लिटॅक्सेलला अमेरिकेत 2005 मध्ये मान्यता मिळाली. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या 454 रुग्णांवरील चाचणीत गाठ लक्षणीय आक्रसण्याचे प्रमाण जुन्या स्वरूपात 19 टक्के, तर नव्यात 33 टक्के आढळले. औषध तीन तासांऐवजी अर्ध्या तासात देता आले आणि आधीच्या इंजेक्शनांची सरसकट गरज उरली नाही. हातापायांतील मुंग्या व बधिरता मात्र नव्या स्वरूपात, वाढीव मात्रेमुळे, अधिक दिसली. पेच सुटला तो द्रवाचा. औषधाचा स्वतःचा त्रास राहिलाच.

यातूनच घरच्यांसाठी एक काम निघते. दोन्ही स्वरूपांत औषध एकच असले, तरी मात्रा वेगळी असते. एकाच्या जागी दुसरे परस्पर देता येत नाही. उपचारांदरम्यान रुग्णालय बदलावे लागले, तर कागदावर केवळ ‘पॅक्लिटॅक्सेल’ असे न राहता ते कोणत्या स्वरूपातले होते, किती दिले आणि मुंग्या कधीपासून येतात, हे जुन्या डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या.