सायकल ग्रुपचा वेग कोणी ठरवायचा? ग्रुप राइड आखताना घ्यायची काळजी

रक्तातील साखर, रक्तदाब किंवा वजन वाढले की डॉक्टर व्यायाम करायला सांगतात. मग बरेच जण जिन्याखालची सायकल बाहेर काढतात. एकट्याने सुरू केलेली सायकल पंधरा दिवसांत पुन्हा जिन्याखाली जाते. पण रविवारी सकाळी सहा वाजता चौकात चार जण वाट पाहत असतील, तर उठावेच लागते. ग्रुपचा हा मोठा फायदा आहे.

तोटाही याच ग्रुपमुळे होतो. ‘माझ्यामुळे सगळ्यांना थांबावे लागेल’ या संकोचाने माणूस झेपत नसताना पेडल मारत राहतो. धाप लागली तरी बोलत नाही. छातीत दडपण आले तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणतो. म्हणून राइड आखणाऱ्यांनी आणि जाणाऱ्यांनी एक नियम आधीच मान्य करावा: ग्रुपचा वेग सर्वांत हळू चालवणाऱ्या माणसाने ठरवायचा.

वेग योग्य आहे हे कसे ओळखावे?

यासाठी महागडे घड्याळ लागत नाही. सायकल चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्ये बोलता येत असतील, पण गाणे म्हणता येत नसेल, तर व्यायाम मध्यम स्वरूपाचा आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. रविवारच्या दीड तासाच्या राइडमध्ये त्यातील बराच भाग पूर्ण होतो. उरलेला आठवड्यातील इतर दिवशी चालून किंवा सायकलनेच पूर्ण करा.

रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा अ‍ॅटेनोलोलसारखी गोळी चालू असेल, तर नाडीचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. अशांनी घड्याळातील आकड्यावर विसंबू नये. बोलण्याची कसोटीच वापरावी.

राइड आखताना

- अंतर, मार्ग, थांबे आणि परतण्याची वेळ आदल्या दिवशीच सर्वांना कळवा.
- नवीन लोक असतील तर १० ते १५ किलोमीटरचा सपाट रस्ता निवडा. पुण्यात पहिल्याच रविवारी कात्रजचा घाट नको.
- आठ-दहा जणांपेक्षा मोठा ग्रुप असेल तर दोन भाग करा. रस्त्यावर एकामागे एक चालवा.
- एक अनुभवी माणूस पुढे आणि एक सर्वांत शेवटी ठेवा. शेवटच्याने कोणालाही मागे टाकून पुढे जायचे नाही.
- दर चार-पाच किलोमीटरवर थांबा. शेवटचा माणूस पोहोचला की लगेच निघू नका. नाहीतर पुढच्यांना विश्रांती मिळते आणि ज्याला ती खरी हवी त्याला मिळतच नाही.
- हेल्मेट प्रत्येकाला सक्तीचे. पहाटे निघणार असाल तर पुढे-मागे दिवा हवा.
- प्रत्येकाच्या खिशात नाव, आजार, चालू औषधे आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी.

आधी डॉक्टरांना कोणी भेटावे?

हार्ट अटॅक येऊन गेलेला असेल, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल, तर पहिली राइड कधी करायची हे हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवू द्या. चालताना छातीत दुखणे, चक्कर किंवा बेशुद्धी येणे, रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून जास्त असणे, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होणे किंवा पायाला जखम असणे, यांपैकी काही असेल तर आधी तपासणी करून घ्या. अनेक वर्षे व्यायाम नसलेल्या चाळिशीपुढच्या मधुमेही व्यक्तींनीही एकदा भेटून जावे.

मधुमेह असेल तर

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर राइडमध्ये खाली येऊ शकते. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हा धोका कमी असतो.

निघण्यापूर्वी साखर तपासा. ती १०० च्या खाली असेल तर आधी केळे किंवा पोळीसारखे काही खा. २५० च्या वर असेल आणि बरेही वाटत नसेल तर त्या दिवशी राइड नको. सकाळचे इन्सुलिन मांडीत घेऊ नका. पेडल मारताना ते तिथून लवकर शोषले जाते. पोटावर घ्या. डोस कमी करायचा का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

हात थरथरणे, दरदरून घाम, अचानक भूक, चिडचिड, गोंधळल्यासारखे वागणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे आहेत. सायकल लगेच थांबवा. तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर ७० च्या खालीच असेल तर हेच पुन्हा करा. बिस्किट किंवा चॉकलेटचा परिणाम व्हायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

लांब राइडनंतर काही तासांनी, अगदी रात्रीही साखर उतरू शकते. म्हणून घरच्यांनाही ही लक्षणे माहीत हवीत.

पाणी आणि नाश्ता

तासाभराच्या राइडला साधे पाणी पुरते. रक्तदाब असलेल्यांनी उगाच ओआरएस पिऊ नये, त्यात मीठ असते. हृदय किंवा किडनीच्या आजारात पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल तर तेच पाळा.

राइडनंतरचा नाश्ता हा ग्रुपचा आवडता भाग असतो. मात्र मिसळ, जादा पाव आणि दोन गोड चहा घेतले, तर खर्च केलेल्या कॅलरी टपरीवरच परत मिळतात. एक प्लेट पोहे आणि बिनसाखरेचा चहा घेऊनही गप्पा तेवढ्याच रंगतात.

गुडघे दुखतात?

बहुतेक वेळा सीट खाली असते. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पेडलवर ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पावलाचा पुढचा भाग पेडलवर ठेवल्यावर गुडघ्यात हलका बाक राहतो. चढावर जड गिअर टाळा.

लगेच थांबण्याची लक्षणे

छातीत दडपण, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, थंड घाम, विश्रांती घेऊनही न थांबणारी धाप, डोळ्यांसमोर अंधारी. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखताही हार्ट अटॅक येऊ शकतो. अशा माणसाला ‘हळूहळू घरी जा’ म्हणू नका. बसवा, १०८ किंवा ११२ ला फोन करा आणि सोबत थांबा. कोणाच्या तरी खिशातली सॉर्बिट्रेट स्वतःच्या मनाने देऊ नका. रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो.

माणूस कोसळला, प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. ग्रुपमधील किमान दोघांनी हे प्रशिक्षण घेतलेले असावे.

पुढच्या राइडला निघताना पुढाऱ्याने सर्वांसमोर एवढेच सांगावे: ‘ज्याला थांबावेसे वाटेल त्याने हात वर करायचा. कारण कोणी विचारणार नाही, सगळे थांबतील.’ हे ऐकलेला माणूस त्रास लपवत नाही. आणि तुम्हाला दम लागत असेल, तर पहिला हात तुम्हीच वर करा.