फ्यूजनमध्ये दुसऱ्या बाजूचं मिलिंग: आधी झिरो पक्का करा

जॉब उलटा केला की कॅममध्ये नवा सेटअप हवाच. फ्यूजनमध्ये तो उघडून स्टॉकच्या टॅबमध्ये ‘फ्रॉम प्रिसीडिंग सेटअप’ निवडा. पहिल्या सेटअपनंतर जेवढं मटेरियल उरलं, तेवढंच सॉफ्टवेअर स्टॉक म्हणून धरतं.

खरं महत्त्व झिरोला. पहिल्या बाजूला झेड झिरो कच्च्या स्टॉकच्या माथ्यावर चालतो. दुसऱ्या बाजूला मात्र तो मशीन झालेल्या, आता पॅरललवर टेकलेल्या खालच्या पृष्ठभागावरच घ्या. कापलेल्या बारचा माथा प्रत्येक नगात थोडा वेगळा असतो. तिथून मोजलं तर जाडी कधीच एकसारखी येणार नाही. माझ्या मते दुसऱ्या ऑपरेशनचं निम्मं यश इथेच ठरतं. एक्स आणि वायसुद्धा मशीन झालेल्या कडांवरूनच घ्या. जॉब एक्स अक्षाभोवती उलटवला, तर मॉडेलवर एक्स तोच राहतो, वाय आणि झेड फिरतात. बाण नीट बघा!

दोन व्हाइस असतील तर दुसऱ्या सेटअपला डब्ल्यूसीएस ऑफसेट २ द्या; फानुक किंवा हासच्या पोस्टमधून जी५५ येतो, पहिल्याचा जी५४ तसाच राहतो.

व्हाइसचं मॉडेल फिक्स्चर म्हणून जोडा आणि पूर्ण सिम्युलेशन बघितल्याशिवाय सायकल स्टार्ट दाबू नका.