गिट अडून बसलं तर…
गिट प्रत्येक फाइलचा मजकूर दाबून ‘ऑब्जेक्ट’ म्हणून साठवतं आणि त्या मजकुरावरून काढलेला 40 अक्षरी शा-1 हॅश हेच त्याचं नाव: पहिली 2 अक्षरं फोल्डरला, उरलेली 38 फाइलला. एक बिट बदलला तरी नाव आणि मजकूर जुळत नाहीत. ऐन कमिटच्या वेळी वीज गेली की कधीकधी शून्य बाइटची ऑब्जेक्ट फाइल उरते. ‘ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी’ म्हणत गिट थांबतं. (थांबतं तेच बरं, चुकीचा मजकूर गुपचूप वाचला असता तर?) आधी अख्ख्या डॉट-गिट फोल्डरची प्रत काढा, मग काय बिघडलंय ते पाहायला ‘गिट एफएससीके’ चालवा. रिकामी फाइल बाजूला सारा. मूळ मजकूर जसाच्या तसा हाताशी असेल तर ‘गिट हॅश-ऑब्जेक्ट -डब्ल्यू’ तोच ऑब्जेक्ट पुन्हा घडवतं. नसेल तर सहकाऱ्याच्या क्लोनमधून आणावा लागतो.