नवजात अतिदक्षतेची परीक्षा : आकड्यांमागचे कारण

अमेरिकेत नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागातील परिचारिकांसाठी ‘आरएनसी-एनआयसी’ हे विशेष प्रमाणपत्र आहे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या आपल्याकडील परिचारिकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ही पायरी ‘एनक्लेक्स’ परीक्षेनंतरची. तिच्यासाठी अमेरिका वा कॅनडाचा परवाना आणि या विभागातील २४ महिन्यांचा, किमान २,००० तासांचा अनुभव लागतो. प्रश्न १७५, वेळ तीन तास.

तयारी म्हणजे आकड्यांची घोकंपट्टी, हा समज मात्र घातक आहे. जन्मानंतर पाचव्या मिनिटाला बाळाच्या रक्तातील प्राणवायूची पातळी ८० ते ८५ टक्के असणे स्वाभाविक असते; फुप्फुसे नुकतीच हवेने भरू लागलेली असतात. हे ठाऊक नसलेली परिचारिका ९५ गाठण्यासाठी प्राणवायू वाढवीत जाईल, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाला हाच जादा प्राणवायू बाधतो.

ही मोजणी उजव्याच हातावर का? कारण त्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी महाधमनीतून ‘डक्टस आर्टेरिओसस’ या नलिकेच्या आधीच फुटते. पायावरचा आकडा हातापेक्षा बराच कमी आला, तर फुप्फुसातील रक्तदाब चढून अशुद्ध रक्त त्या नलिकेवाटे शरीरात शिरत असल्याची शंका घ्यावी.

म्हणून पुस्तकाइतकाच उपयोग पाळीतल्या नोंदवहीचा. रोज एक बाळ निवडावे आणि डॉक्टरांनी दिलेल्या प्रत्येक सूचनेचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहावे. जिथे लेखणी अडेल, तेच प्रकरण त्या रात्री उघडावे.