रीलमध्ये सोपं दिसणारं टिग वेल्डिंग शिकायचंय? आधी या गोष्टी समजून घ्या

रात्री रील बघत पडलेलं असताना कधी ना कधी वेल्डिंगचा व्हिडिओ समोर येतोच. काळ्या काचेतून दिसणारा प्रकाशाचा ठिपका, ना ठिणग्या, ना आवाज, आणि मागे उमटत जाणारी माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी रेघ. शेवटी स्टीलवर सोनेरी-निळी झाक. खाली कमेंट ठरलेली असते, "भाऊ, हे कुठं शिकायला मिळेल?"

हेच ते टिग वेल्डिंग. आपल्याकडच्या बऱ्याच फॅब्रिकेशन शेडमध्ये याला सरळ 'आर्गन वेल्डिंग' म्हणतात. डेअरीचे पाइप, औषध कंपन्यांच्या टाक्या, हॉटेलांची स्टीलची किचन, जिन्याचे रेलिंग, सायकलच्या फ्रेम, अशा बऱ्याच ठिकाणी ते चालतं.

पण रीलमध्ये दिसतो तो कामाचा शेवटचा अर्धा मिनिट. त्याआधीचं घासणं, पुसणं, टोक काढणं, गॅस सेट करणं हे सगळं कापलेलं असतं. आणि नवशिक्याचं काम बहुतेक वेळा बिघडतं ते नेमकं त्या कापलेल्या भागात.

टिग म्हणजे नक्की काय?

टंगस्टन इनर्ट गॅस, या तीन शब्दांचं लघुरूप म्हणजे टिग. टंगस्टन हा सगळ्या धातूंत सर्वात उशिरा वितळणारा धातू. त्याला वितळायला ३,४२२ अंश सेल्सिअस लागतात, तर स्टील साधारण १,५०० अंशांच्या आसपासच वितळतं. त्यामुळे टंगस्टनच्या टोकापासून जॉबपर्यंत आर्क पेटवला की खालचं स्टील वितळतं, टंगस्टन मात्र तसंच राहतं.

इनर्ट गॅस म्हणजे कशाशीही सहसा रासायनिक क्रिया न करणारा वायू. इथे तो असतो आर्गन. हवेत साधारण ०.९३ टक्के आर्गन असतोच. टॉर्चच्या नोझलमधून तो बाहेर पडतो आणि तापलेल्या धातूला हवेतल्या ऑक्सिजन आणि नायट्रोजनपासून वाचवतो.

ही पद्धत रुळली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकेत. नॉर्थ्रॉप या विमान कंपनीला मॅग्नेशियमसारखा हलका धातू जोडायचा होता. अडचण अशी की तापलेल्या मॅग्नेशियमला ऑक्सिजन मिळाला की ते पेट घेतं. तिथल्या रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनचं टोक आणि हेलियम वायू वापरून यातून वाट काढली. १९४२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. हेलियममुळे पद्धतीचं नाव पडलं 'हेलिआर्क'. पुढे हेलियमची जागा बहुतेक ठिकाणी आर्गनने घेतली.

मग यात अवघड काय आहे?

गेट-ग्रिलसाठी वापरतात त्या रॉडच्या वेल्डिंगमध्ये रॉड स्वतःच वितळतो आणि जोड भरतो. कारखान्यात ज्याला 'सीओटू' म्हणतात त्यात वायर मशीनच पुढे ढकलतं. टिगमध्ये मात्र उष्णता एका हातात आणि भरायची वायर दुसऱ्या हातात असते.

एका हाताने टॉर्च जॉबपासून जेमतेम दीड-दोन मिलिमीटरवर स्थिर धरायचा. दुसऱ्या हाताने बोटांनी वायर पुढे सरकवत वितळलेल्या धातूच्या छोट्या तळ्यात बुडवायची. काही मशीनना करंट कमी-जास्त करायला पायाचं पेडलही असतं. पहिल्यांदा गिअरची गाडी चालवताना क्लच, गिअर आणि ब्रेक सांभाळताना जी धांदल उडते, तशीच इथेही उडते. टंगस्टन त्या तळ्याला जरा टेकलं की ते खराब होतं. मग थांबा, थंड होऊ द्या, पुन्हा टोक काढा. पहिल्या दिवशी हे वीस वेळा झालं तरी काही बिघडत नाही.

पहिलं मशीन कोणतं घ्यायचं?

पहिला प्रश्न आहे डीसी की एसी-डीसी. साधं लोखंड म्हणजे एमएस आणि स्टेनलेस स्टील यांना डीसी मशीन पुरतं. एसी लागतं ते मुख्यतः ॲल्युमिनियमला. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर जो ऑक्साइडचा पातळ थर असतो तो वितळतो २,०७२ अंशांना. म्हणजे वरची साय तशीच आणि आतलं दूध उकळून बाहेर, अशी गत. एसीमध्ये करंटची दिशा सतत बदलते. एका दिशेला तो थर फुटतो, दुसऱ्या दिशेला धातू वितळतो. एसी-डीसी मशीन महाग पडतं आणि ॲल्युमिनियम नवशिक्याला रडवतं. त्यामुळे सुरुवात एमएसपासून केलेली बरी.

दुसरी गोष्ट गॅस. टिगला शुद्ध आर्गनच लागतो. सीओटू मशीनसाठी मिळणारा आर्गन-कार्बन डायऑक्साइडचा मिश्र गॅस लावला तर टंगस्टन जळून जातं. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर गॅस असतो. मिनिटाला ८ लिटर वापर धरला तर साडेचौदा तास आर्क चालेल. सरावाचा खर्च काढताना हा हिशेब मशीनच्या किमतीइतकाच महत्त्वाचा, कारण मशीन एकदा घेतलं की झालं, गॅस मात्र पुन्हा पुन्हा भरावा लागतो.

टंगस्टनच्या टोकाला रंगाचा पट्टा असतो. लाल म्हणजे थोरियम मिसळलेलं. थोरियम किरणोत्सारी आहे, आणि टोक घासताना उडणारी धूळ श्वासातून आत जाण्याचा धोका असतो. २ टक्के लँथॅनमचं निळ्या पट्ट्याचं टंगस्टन त्याच कामाला चालतं. मग नवशिक्याने लाल घ्यायचंच कशाला?

आर्क पेटवण्याआधीचं काम

रॉडच्या वेल्डिंगमध्ये थोडा गंज, थोडा रंग खपून जातो. टिगमध्ये नाही. कारण घाण बाजूला करायला इथे फ्लक्स नसतो. त्यामुळे क्रम असा ठेवावा:

- प्लेटवरचा गंज आणि काळा थर ग्राइंडरने काढून धातू चकाकेपर्यंत घासा. अर्थिंगचा चिमटा लावायची जागाही घासा.
- ॲसिटोनने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. वायरही पुसून घ्या. तिच्यावर तेलकट बोटं लागलेली असतात.
- स्टेनलेसला वेगळा ब्रश ठेवा. लोखंडावर वापरलेला ब्रश स्टेनलेसवर फिरवला तर लोखंडाचे कण चिकटतात आणि पुढे तिथे गंज धरतो.
- टंगस्टनचं टोक पेन्सिलसारखं काढा. घासल्याच्या रेषा लांबीच्या दिशेने हव्यात, आडव्या असतील तर आर्क भटकतो.
- करंटसाठी ढोबळ हिशेब म्हणजे जाडीच्या १ मिलिमीटरमागे ४० अँपिअर. २ मिलिमीटरच्या एमएस प्लेटला साधारण ८० अँपिअरपर्यंत. स्टेनलेसला त्याहून कमी, कारण त्यात उष्णता पटकन पसरत नाही, एकाच जागी साठते.
- पंखा बंद करा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे जिवावर येतं, पण पंख्याचा झोत थेट जॉबवर आला की आर्गन उडून जातो आणि वेल्डमध्ये स्पंजसारखी भोकं पडतात.

भोकं पडली की नवशिक्याला वाटतं आपला हातच वाईट आहे. बऱ्याचदा चूक वाऱ्याची, गॅसच्या गळतीची किंवा न घासलेल्या प्लेटची असते.

ठिणग्या नाहीत म्हणजे धोका नाही?

टिग शांत आणि स्वच्छ दिसतं, म्हणून लोक गाफील राहतात. त्याचा आर्क अतिनील किरणं भरपूर सोडतो. उघड्या डोळ्यांनी बघितलं तर त्या वेळी काहीच कळत नाही. पाच-सहा तासांनी, बहुतेक वेळा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही. शेडमध्ये मग बटाट्याचे काप डोळ्यांवर ठेवायचा सल्ला मिळतो. असे उपाय करत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. हेल्मेटची काच १० ते १२ नंबरची हवी. बाजूला उभं राहून 'जरा बघणाऱ्या' मित्रालाही काच हवी. अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट हवा, नाहीतर उन्हात भाजल्यासारखी कातडी निघते.

धुराचंही तसंच. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियमचं घातक रूप असू शकतं. त्यामुळे धूर बाहेर ओढणारी सोय आणि योग्य मास्क हवाच. जस्ताचा थर असलेला जीआय पाइप सरावाला अजिबात घेऊ नका. त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

आणखी दोन धोके फारसे कोणी सांगत नाही. गाड्यांचे ब्रेक साफ करायचे काही स्प्रे क्लोरीनयुक्त असतात. अशा स्प्रेने पुसलेल्या जॉबवर आर्क पेटवला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात तो शस्त्र म्हणून वापरला गेला होता. दुसरा धोका खुद्द आर्गनचा. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा जड आहे. टाकीत किंवा खड्ड्यात तो तळाशी साठतो आणि ऑक्सिजनला हटवतो. आतला माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. नवशिक्याने बंद जागेत टिग करूच नये.

पहिले काही आठवडे काय करायचं?

पहिला सराव आर्कशिवाय. हातमोजा घालून वायर अंगठ्याने पुढे सरकवायची सवय करा. हे घरी टीव्ही बघतानाही जमतं.

नंतर २ मिलिमीटरच्या एमएस प्लेटवर वायर न घेता नुसत्या रेघा ओढा. टॉर्च उभ्यापासून १५ ते २० अंश मागे कललेला. नजर प्रकाशावर ठेवायची नाही, वितळलेल्या तळ्यावर ठेवायची. त्याची रुंदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी राहिली की हात बसू लागला असं समजा.

मग वायर. ती प्लेटला जवळजवळ आडवी धरून तळ्याच्या पुढच्या काठाला टेकवायची आणि मागे घ्यायची. मागे घेतानाही तिचं टोक आर्गनच्या छायेतच राहायला हवं, नाहीतर ते काळं पडतं आणि पुढच्या बुडवणीला ती घाण आत जाते. रेघ संपली की टॉर्च लगेच उचलू नका. ८० अँपिअरवर काम करत असाल तर साधारण ८ सेकंद तिथेच धरा, गॅस चालू राहू द्या. मगच जोडांकडे वळा.

रेघ छान आहे, पण जोड पक्का आहे का?

रीलवर सर्वाधिक लाइक मिळतात ते स्टेनलेसवरच्या रंगांना. पण फिकट सोनेरीच्या पुढे गेलेला गडद निळा, जांभळा रंग सांगतो की उष्णता जास्त झाली किंवा गॅस कमी पडला. राखाडी, काळपट झालं तर आणखी वाईट. तिथे स्टेनलेसची गंज रोखायची ताकद कमी होते, म्हणून जबाबदारीचं काम करणारे पिकलिंग पेस्ट लावून तो थर काढतात.

दुधाच्या पाइपचं उदाहरण घ्या. बाहेरून रेघ कितीही देखणी असली, तरी पाइपच्या आतही आर्गन सोडला नसेल तर आतली बाजू हवेत जळून साखरेच्या दाण्यांसारखी खडबडीत होते. त्या खाचांत दूध अडकतं, धुऊनही निघत नाही, आणि तिथे जिवाणू वाढतात. बाहेरून फोटो काढणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून नवशिक्याची खरी परीक्षा कॅमेऱ्यासमोर होत नाही, ती व्हाइसमध्ये होते. जोड अडकवा, हातोडीने वाकवा, तोडून बघा, मधोमध कापून बघा. धातू आतपर्यंत गेलाय की नुसता वर बसलाय, ते लगेच कळतं.

शिकायचं कुठे?

आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि त्याला आठवी पास विद्यार्थ्यालाही प्रवेश मिळू शकतो. सीओटू आणि टिगवर भर असलेला वेगळा ट्रेडही काही ठिकाणी आहे. ते शक्य नसेल तर आर्गनचं काम करणाऱ्या शेडमध्ये काही महिने घासणं-पुसणं करत बघत राहणं हाही रस्ता आहे.

तोवर एक नियम पाळा. झोपाळा, शिडी, गाडीची चासी, हवेची टाकी, अशा ज्या वस्तूंवर कोणाचा तरी जीव टांगलेला असतो, त्या वेल्ड करायला घेऊ नका. मित्राने कितीही आग्रह केला तरी नाही. भंगारातल्या पट्ट्या घ्या, जोडा, तोडा, पुन्हा जोडा. तोडायला गेल्यावर पट्टी वाकली आणि जोड तसाच राहिला, की मग रील टाकायला हरकत नाही.