मोहाची पारख कुणी करायची?

ब्राउन एल ही भाजलेल्या माल्टची तपकिरी बिअर. तिची परीक्षा करणारा 'चढते किती' असं विचारत नाही. बिअर स्पर्धांतल्या 50 गुणांच्या प्रचलित तक्त्यात वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकूण परिणामाला 10 गुण असतात. नशेला एकही नाही. पावाच्या भाजक्या कडेचा किंवा करपवलेल्या साखरेचा वास भाजणीतून येतो. लोण्याचा वास आला तर बहुधा आंबवण पूर्ण झालेलं नसतं, ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बिअर हवा लागून शिळी झालेली असते. घोट असा आपल्या घडणीची साक्ष देतो. मग हीच शिस्त मोहाच्या दारूला का नको?

भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरची ओळख आयुध निर्माणीची, पण त्याच जिल्ह्यात आणि पुढे गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहफुलांचा सडा पडतो. वाळल्या फुलांत साखर भरपूर असल्याने फुलं भिजवली की सहज आंबतात आणि मग दारू गाळली जाते. तिचा दर्जा मात्र लोक एकाच कसोटीवर ठरवतात: पहिल्या धारेची आहे का, काडी लावली तर पेटते का. ही कसोटी तीव्रतेची आहे, गुणाची नाही. पहिल्या धारेत लवकर उडणारी, झोंबरी द्रव्यंच जास्त उतरतात, म्हणून जाणकार गाळणारे तो भाग बाजूला काढतात. फुलं ओलसर साठवली तर बुरशीचा वास दारूत येऊ शकतो. फुलं स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. त्यातून जंगलात वणवे पेटतात आणि फुलाला राख-माती लागते. वासाला गुण मिळू लागले, तर जाळी अंथरून स्वच्छ फूल वेचणाऱ्या बाईला जास्त भाव मागायला आधार मिळेल.

यावर पहिला आक्षेप असा की, चव ज्याची त्याची. आवड वैयक्तिक असते हे खरं, पण बुरशी, धूर, आंबटपणा ही लक्षणं सरावलेल्या अनेक नाकांना सारखीच कळतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दारूबंदीसाठी झगडलेल्या गडचिरोलीच्या शेजारी दारूचं कौतुक कशाला? पण परीक्षक घोटभरच घेतो, आणि त्याची कसोटी तीव्रतेला मान देत नाही. व्यसनाचा प्रश्न याने सुटत नाही, तसा तो दावाही नाही. तिसरा मुद्दा मात्र मान्यच करायला हवा. विषारी मिथेनॉल जिभेला ओळखता येत नाही. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं मारली. म्हणून प्रयोगशाळा आधी, चव नंतर.

बिअरचा तक्ता मोहावर जसाच्या तसा बसणार नाही, कारण ही गाळलेली दारू आहे. पण स्वतःचा मापदंड घडवता येतो. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने 2021 मध्ये मोहफुलांच्या संकलनावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले, पण फूल मोकळं झालं म्हणून त्याची पत वाढत नाही. ती वाढवायची तर चांगलं मोह कोणतं हे आधी लिहून ठरवावं लागेल, आणि ते ठरवताना पिणाऱ्याइतकाच वेचणाऱ्यांचाही शब्द धरावा लागेल.