प्रसूतिगृहातला अपमान कसा घडतो

लेबर रूममध्ये बाईवर खेकसणारी सिस्टर एरवी दुष्ट असते असं नाही. त्या खोलीची घडीच अशी बसलेली असते की खेकसणं कामाचा भाग वाटू लागतं. सुरुवात दारापाशी होते.

कळा देणारी बाई आत जाते, आई-सासू बाहेर थांबवल्या जातात. आत बऱ्याच ठिकाणी टेबलांमध्ये पडदा नसतो. तपासणारा काय तपासलं ते सांगत नाही. कळा जोरात सुरू झाल्यावर आतून तपासणी साधारण चार तासांनी करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018च्या शिफारशी सांगतात. शिकाऊ डॉक्टर असतील तिथे मात्र एकामागून एक तपासून जातात. ती ओरडली की ठरलेला टोमणा येतो, ‘तेव्हा नाही ओरडलीस?’ मग मांडीवर चापट. बाळ लवकर उतरावं म्हणून पोट दाबलं जातं. ही रीत आणि योनीमुखाशी सरसकट छेद देणं, दोन्ही गोष्टी त्या शिफारशींनी नाकारल्यात. छेद द्यावाच लागला तर जागा बधिर करायलाच हवी. पण ‘दोनच टाके आहेत’ म्हणत तसंच शिवणारे आहेत. ‘दोनच’ हे टाके पडलेल्या बाईने म्हणावं, घालणाऱ्याने नव्हे.

2005 साली दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैशाची मदत देणारी जननी सुरक्षा योजना आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात दवाखान्यातली बाळंतपणं 2005-06 मध्ये सुमारे 39 टक्के होती, ती 2019-21 पर्यंत 89 टक्क्यांवर गेली. हे चांगलंच झालं. पण खाटा आणि माणसं त्या वेगाने वाढली नाहीत. एकाच पाळीत कळा देणाऱ्या तीन-चार बायका आणि रजिस्टरं एकाच सिस्टरच्या अंगावर पडतात. बाळ दगावलं तर तिची चौकशी होते, शिवी दिली तर होत नाही. मग ‘ओरडल्याशिवाय बाई जोर लावत नाही’ हा समज पक्का होतो आणि नवी मुलगी जुनीचं पाहून तेच शिकते. गरीब, दलित, आदिवासी किंवा तिसऱ्या खेपेची बाई असेल तर जीभ आणखी सुटते. बाळ सुखरूप हाती आलं की घरचे म्हणतात, जाऊ दे आता. तक्रार तिथेच विरते.

फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली. प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्यासाठीच्या डिसेंबर 2017च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात आडोसा, सोबतीण आणि सोयीची स्थिती निवडण्याची मुभा आहे. बाळ झाल्याची खुशी म्हणून पैसे मागायलाही मनाई आहे. सोबतीण पाणी देते, पाठ चोळते, आणि तिच्यासमोर हात उगारणं अवघड जातं. सतत सोबत मिळालेल्या बायकांत सिझेरियनचं प्रमाण कमी राहतं, हे अभ्यासांतून दिसलंय.

नवव्या महिन्याच्या तपासणीलाच विचारून ठेवावं: आत कोण येऊ शकेल? सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई असावी. ‘जागा नाही’ म्हणाले तर पडदा मागावा. तोही नाकारला तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.